पोढी आणि टांकें : सह्याद्रींतील पर्जन्यजलाचा सांठा व त्याचा हिशेब

१

गडावर गेलेल्या अभ्यासकास वाटाड्या हटकून एखादें टांकें दाखवितो आणि सांगतो, "ह्याच्या तळाशीं जिवंत झरा आहे, हें पाणी कधीं आटावयाचें नाहीं." ऐकणारा तें टिपून घेतो, पुढें तें छापलें जातें, आणि छापलेल्यावरून दुसरा उतरून घेतो. अशा रीतीनें सह्याद्रींतील कित्येक टांक्यांस पुस्तकांतून झरे फुटले आहेत. प्रत्यक्ष पाहतां ह्यांपैकीं बहुतेक टांकीं आकाशांतून पडणाऱ्या पाण्यावर भरतात आणि भरलेलें पाणी आठ महिने पुरवून खाण्याकरितांच तीं खोदलेलीं आहेत.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तो महत्त्वाचा आहे. पाणी झऱ्याचें असेल तर त्याचा हिशेब लागत नाहीं. तें पावसाचें असेल तर गडावर अथवा लेण्यांत किती माणसें नांदूं शकतील हें टांकें खोदलें त्याच दिवशीं ठरून गेलें, आणि तो आंकडा आजही दोरी व पट्टी घेऊन काढतां येतो. शिबंदीचे आंकडे देणारे कागद ज्या ठिकाणीं मिळत नाहींत, तेथें हा खडकांतील पुरावा बोलका ठरूं शकतो. म्हणून पावसाच्या पाण्याचा सांठा आपल्याकडे कसा होत असे, त्याची रचना काय, त्याविषयींचे लेख कोणते, आणि संशोधकांनीं व संग्राहकांनीं त्यासंबंधीं काय जपलें पाहिजे, ह्याचें विवरण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२

ह्या विषयाचा सर्वांत जुना लेखी पुरावा लेण्यांतील ब्राह्मी लेखांत सांपडतो. ह्या प्राकृत लेखांत दानाच्या वस्तूंची नांवें ठरलेलीं आहेत : लेण, ओवरक म्हणजे खोली, आसनपेढिका म्हणजे बसावयाचा बांक, आणि पोढि. पोढि म्हणजे खडकांत कोरलेलें पाण्याचें टांकें. कांहीं ठिकाणीं 'पाणियपोढि' असा पूर्ण शब्दही येतो. विहिरीकरितां व तळ्याकरितां त्या काळीं निराळे शब्द प्रचारांत असतां लेखकांनीं ह्या वस्तूस निराळें नांव दिलें, ह्यावरून ती निराळ्या जातीची वस्तु म्हणून ओळखली जात होती हें उघड आहे.

आतां दाते कोण होते तें पाहूं. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावरील प्रसिद्ध लेखांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात हा लेण्याबरोबर पोढ्या करविल्याचें सांगतो. जुन्नरास नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याच्या वर्ष ४६ च्या लेखांत पोढी आणि मंडप यांचें दान नमूद आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्याचें लिहिलें आहे. भाजें येथें महारठी कोसिकीपुत विण्हुदत याची पोढी आहे. बेडसें येथें महाभोजाची कन्या व अपदेवणकाची पत्नी महारठिणी सामडिनिका हिचा लेख टांक्यावरच कोरलेला आहे. कान्हेरीस कल्याणच्या सामिदत्त नांवाच्या सोनारानें पाण्याची पोढी दिली. नाणेघाटांत सोपाऱ्याच्या गोविंददासाचें पोढीचें दान आहे. १९६९ सालीं मावळांत पाले येथें जो प्राचीन लेख प्रकाशांत आला, त्यांतही भदंत इंदरखित यानें लेण्यासह पोढी करविल्याचा उल्लेख आहे.

ह्या यादीकडे वाचकांनीं जरा निरखून पाहावें. राजाचा जांवई, अमात्य, महारठी, त्याच घराण्याच्या तोलाची एक स्त्री, परदेशांतून आलेला यवन, सोनार, बंदरांतील गृहस्थ आणि एक भिक्षु, असे सर्व थरांतील लोक एकाच प्रकारचें दान करीत आहेत. सबंध विहार कोरविण्यास जो खर्च येतो तो प्रत्येकास झेपणारा नव्हे; टांकें मात्र मध्यम ऐपतीच्या मनुष्याच्याही आटोक्यांतलें होतें. शिवाय हें दान वर्षानुवर्षें रोज उपयोगास पडणारें होतें. नाणेघाटाचें उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. कोंकणांतून जुन्नरकडे चढून येणाऱ्या तांड्यास घाटमाथ्यावर पहिली गरज पाण्याची. ती गरज ज्याला स्वतःच्या प्रवासांत जाणवत असेल अशा सोपाऱ्यासारख्या बंदरांतील मनुष्यानें ती भागवावी ह्यांत नवल नाहीं.

३

पोढीची रचना समजून घेण्यास कान्हेरीसारखें दुसरें स्थळ नाहीं. साष्टीच्या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं एकाच ठिकाणीं आहेत आणि त्यांतील पुष्कळांस स्वतःचें टांकें आहे. लेण्यापुढील अंगणाच्या एका बाजूस, पायऱ्यांच्या किंवा ओसरीच्या लगत, खडकाच्या पोटांत हें टांकें शिरलेलें असतें. वरून दिसतें तें केवळ तोंड. आंतील पोकळी त्याहून पुष्कळ मोठी असते. तोंडाच्या कांठास खांचा आढळतात, त्यांवरून त्यावर झांकण बसवीत असावेत असें अनुमान होतें. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडास आपलें पाणी आपल्या दारांत, अशी ही योजना आहे.

पाणी आणण्याची युक्ति याहून लक्षपूर्वक पाहावी. लेण्यावरील डोंगराच्या उतारावर, खडकावर बोट फिरवावें तशा उथळ पन्हळी कोरलेल्या दिसतात. पावसाचें पाणी उघड्या कातळावरून वाहत येतें, तें ह्या पन्हळींत अडतें आणि त्यांच्या ढाळानें टांक्याकडे जातें. पन्हळ एकसारखी नसते. कोठें तिला वांक असतो, कोठें वाटेंत एखादी लहान खळगी असते. खळगींत पाण्याचा वेग मंदावतो व आणलेली वाळू, पाला, माती तेथें खालीं बसते. नितळ पाणी पुढें जातें. ह्याच पन्हळींचें दुसरें कार्य असें कीं, दर्शनी भागावरून ओघळणारें पाणी त्या बाजूस काढतात आणि ओसरी कोरडी ठेवतात. लेण्यास जें पाणी नको तेंच टांक्यास हवें असतें. एकाच छिन्नीनें दोन्ही कामें साधलीं आहेत. पावसाळ्यांत कान्हेरीस जो अभ्यासक जाईल त्याला हें सर्व चालू स्थितींत पाहावयास मिळेल. उन्हाळ्यांत जाणाऱ्यास केवळ रेघा दिसतील.

खडकाची निवड हाही ह्या विद्येचा एक भाग होता. सह्याद्रि हा एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे. त्यांत दोन जातींचा पाषाण मुख्यतः आढळतो. एक घट्ट काळा पाषाण. तो कठीण खरा, पण त्यास उभ्या आडव्या भेगा फार. दुसरा पोकळ्यांचा, ज्यांत पांढऱ्या गारा भरलेल्या असतात. हा त्या मानानें मऊ, पण सलग व भेगांवांचून असतो. नवख्यास वाटेल कीं पाणी सांठविण्यास कठीण दगड चांगला. वास्तविक पाणी धरून ठेवतो तो सलग दगड. ज्या टांक्यांत भेग निघाली तें कितीही सुबक असलें तरी मार्गशीर्षांतच कोरडें पडावयाचें. रायगडावरील हत्ती तलाव दीर्घ काळ असाच गळका होता. भेगा बुजविल्यानंतर २०२० च्या पावसाळ्यांत तो पुन्हां भरला.

४

आतां हिशेबाकडे वळूं. हिशेब अगदीं सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. उदाहरणाकरितां सहा मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर खोल असें एक टांकें घेऊं. त्यांत ७२ घनमीटर, म्हणजे ७२,००० लिटर पाणी मावेल. बारा लिटरांची घागर धरल्यास ह्या सहा हजार घागरी झाल्या. ह्या टांक्याकडे ज्या कातळाचें पाणी वाहतें तो ३० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे ६०० चौरस मीटर आहे असें समजूं. कातळावर पडलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ७० टांक्यांत पोंचतें व बाकीचें उडतें, मुरतें किंवा बाजूस जातें असें धरल्यास दर मिलिमीटर पावसास ४२० लिटर पाणी जमतें. ह्या मानानें टांकें भरण्यास सुमारें १७१ मिलिमीटर पाऊस पुरे. घाटमाथ्यावर आषाढांतील दोन तीन दिवसांच्या झडींत इतका पाऊस होऊन जातो. वर्षाचा पाऊस २५०० मिलिमीटर मानला तर त्याच कातळावरून १०,५०,००० लिटर, म्हणजे अशीं साडेचौदा टांकीं भरतील इतकें पाणी वाहून जातें.

ह्यावरून पहिला सिद्धान्त निघतो तो असा कीं, सह्याद्रीच्या माथ्यावर उणीव पावसाची कधींच नव्हती. उणीव होती ती भांड्याची. म्हणूनच एका टांक्यावर भागत नाहीं व एकाच उतारावर पाठोपाठ पांच, सात, बारा टांकीं खोदलेलीं आढळतात. वरचें भरलें कीं त्याचें पाणी खालच्यांत उतरतें. हीं टांकीं एकाच वेळीं खोदलीं असें मानण्याचें कारण नाहीं; माणसें वाढलीं तसें भांडें वाढविलें, हाच क्रम अधिक संभवनीय आहे. टांक्यांची संख्या ही वस्तीच्या वाढीची नोंद म्हणून वाचतां येते.

दुसरा सिद्धान्त बाष्पीभवनाचा. आश्विनाच्या सुमारास पाऊस थांबल्यापासून मृगापर्यंत, म्हणजे १६ ऑक्टोबर ते ७ जून, २३५ दिवस होतात. उघड्या पाण्यावरून दिवसास सरासरी पांच मिलिमीटर वाफ होते असें धरल्यास ह्या मुदतींत १,१७५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर पाणी कोणीं न पितां उडून जातें. आपल्या उदाहरणांतील टांक्यांतून २८,२०० लिटर, म्हणजे सुमारें दोन पंचमांश सांठा असा गेला. उरलेल्या ४३,८०० लिटरांत दिवसास १८६ लिटर पाणी येईल. पिण्यास व रांधण्यास माणशीं पांच लिटर धरल्यास तें ३७ माणसांस पुरेल. हेंच टांकें खडकाच्या पोटांत, झांकलेलें असेल तर उडणारें पाणी फारच थोडें, आणि तेंच ७२,००० लिटर दिवसास ३०६ प्रमाणें ६१ माणसांस पुरूं शकेल.

खांबटांक्यांचें मर्म येथें उलगडतें. आंत खांब ठेवून, वर खडकाचें छत राखून, केवळ पुढील बाजूनें उघडें टांकें कोरणें हें उघडा खड्डा खणण्यापेक्षां कितीतरी कष्टाचें काम आहे. हे कष्ट शोभेकरितां घेतलेले नाहींत. छत राखल्यानें चोवीस माणसांचें पाणी वांचतें, ऊन न लागल्यामुळें शेवाळ धरत नाहीं आणि वरून कचरा पडत नाहीं. ज्या कारागिरांनीं हीं टांकीं कोरलीं त्यांनीं आमच्यासारखा त्रैराशिक मांडला नसेल. परंतु पिढ्यान् पिढ्या वैशाखांत टांक्याचा तळ पाहिल्यावर जें ज्ञान येतें तें ह्याहून निराळें नव्हे.

५

लेण्यांची ही विद्या किल्ल्यांवर आली, किंवा अधिक बिनचूक बोलावयाचें तर कित्येक किल्ले ह्या विद्येवरच उभे राहिले. शिवनेरीच्या कड्यांत बौद्ध लेणीं व त्यांचीं टांकीं आहेत. माथ्यावर गंगा-जमुना ह्या नांवाचीं टांकीं प्रसिद्ध आहेत. ज्या डोंगरावर भिक्षूंनीं पाण्याची सोय करून ठेवली, तोच डोंगर पुढें दुर्गाकरितां निवडला जाणें स्वाभाविक होतें. ह्याकरितां किल्ल्यावर टांकें दिसलें कीं तें शिवकालीन, असें लिहिण्याची जी प्रथा पडली आहे ती सोडली पाहिजे. टांक्याच्या जवळ लेणें आहे काय, छिन्नीचे घाव कोणत्या वळणाचे आहेत, कांठावर अक्षरें आहेत काय, पायऱ्या मूळच्या कीं मागाहून फोडलेल्या, हें पाहिल्याखेरीज काळ सांगूं नये. आणि एवढें पाहूनही केवळ आकारावरून निर्णय करणें धाडसाचें होय, कारण एकच घाट अनेक शतकें चालत आलेला आहे.

किल्ल्यावरील पाण्यासंबंधीं मराठींतील सर्वांत विचारपूर्ण विवेचन रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील ह्या ग्रंथाचा आशय असा : दुर्ग बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, पाणी नसेल आणि स्थळ सोडण्याजोगें नसेल तर प्रथम खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरतील इतकीं तळीं व टांकीं करावीं, झरा आहे म्हणून निर्धास्त राहूं नये, कारण लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरे कमी होतात आणि खर्च मात्र वाढतो, म्हणून संकटसमयाकरितां कांहीं टांकीं राखून ठेवावीं व एरव्हीं त्यांस हात लावूं नये.

ह्यांतील दोन गोष्टी आमच्या विषयास अत्यंत पोषक आहेत. मुदतीची मोजणी पुढच्या पावसापर्यंत केली आहे. ही भाषा पावसावर टांकीं भरणाऱ्याची आहे. आणि झऱ्याची योग्यता सांठ्याहून कमी ठरविली आहे. ज्या काळच्या जाणत्या मुत्सद्द्यास झऱ्याचा भरंवसा वाटत नव्हता, त्या काळच्या प्रत्येक टांक्यास आपण आज झरा चिकटवावा हें विपरीत होय.

त्याच ग्रंथांत गडावर केरकचरा पडूं न देण्याविषयीं, तो जाळून त्याची राख परसांत भाजीपाल्यास घालण्याविषयीं आज्ञा आहे. हिचा अर्थ सामान्यतः नीटनेटकेपणा असा केला जातो. आमच्या मतें तिला पाण्याचेंही अंग आहे. पावसावर भरणाऱ्या टांक्यास गडाचा माथा हेंच ताट असतें. ताटांत जें पडेल तें पाण्यांत उतरेल. माथा झाडणें म्हणजे पाणी गाळण्याची पहिली पायरी होय.

राजधानीच्या गडाचीही हीच स्थिति. रायगडावर गंगासागर, कुशावर्त, कोळींब तलाव, बारा टांकीं असे पाण्याचे सांठे विखुरलेले आहेत. जगदीश्वराच्या देवळावरील शके १५९६ च्या संस्कृत लेखांत हिरोजीनें केलेल्या कामांची जी गणना आहे, तींत वाडे व स्तंभ यांच्या बरोबरीनें विहिरी व तलाव येतात. इमारतींस लागणारा दगड जेथून काढला तेथेंच तळें झालें, ही रीत गडोगडीं दिसते. एक रुपया खर्चून भिंत व भांडें अशीं दोन कामें पदरांत पडत. उघडीं तळीं जनावरांस, धुण्यास व बांधकामास, आणि झांकलेलीं टांकीं पिण्यास, अशी वांटणीही स्थूलमानानें दिसून येते. सिंहगडाच्या देवटांक्याची कीर्ति ह्या दुसऱ्या वर्गांतील आहे.

समुद्रांतील किल्ल्यांची गोष्ट थोडी निराळी. १६६४ सालीं ज्याचा पाया घातला गेला त्या सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहोंकडे खारें पाणी असतां मध्यें गोडें पाणी कसें, ह्यावर चमत्काराच्या कथा पुष्कळ. बेटावर पडलेला पाऊस खडकांत मुरतो व खाऱ्या पाण्याहून हलका असल्यामुळें त्याच्यावर तरंगून राहतो, हें त्याचें कारण. येथें टांकें निसर्गानेंच केलें आहे. परंतु सांठा पावसाचाच.

६

खालीं गांवांत व शहरांत हीच दृष्टि निराळ्या रूपानें दिसते. कोंकणांत पोफळीचें खोड उभें चिरून, पोखरून त्याची पन्हळ करण्याची चाल आहे. पागोळ्यांचें पाणी अशा पन्हळीनें एकत्र करून घंगाळांत, हंड्यांत किंवा दगडी डोणींत घेतात. पहिल्या सरींचें पाणी कौलांवरील धूळ घेऊन येतें म्हणून तें सोडून देतात. पन्हळींतील खळगीनें जें काम लेण्यांत होतें तेंच येथें गृहिणीच्या सावधगिरीनें होतें.

पुण्याचें उदाहरण सर्वांत मोठें. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या डोंगरांतील पावसाचें पाणी बंधाऱ्यानें अडवून तेथून विटाचुन्याच्या भुयारी नळानें शहरांत आणलें. नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास आहेत. वाटेंत पाणी निवळावें अशी सोय आहे. आणि शेवटीं तें शनिवारवाड्यांत, सरदारांच्या वाड्यांत व सार्वजनिक हौदांत पोंचत असे. काळा हौद, फडके हौद हीं नांवें ह्याच योजनेचीं स्मारकें होत. पाणी अडविणें, निवळणें, ढाळानें नेणें आणि झांकून ठेवणें, ह्या चार क्रिया कान्हेरीच्या एका लेण्यापुढें जशा आहेत तशाच येथें सबंध शहराकरितां केलेल्या आहेत. फरक मापाचा आहे, तत्त्वाचा नाहीं.

७

आतां ज्या हेतूनें हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों.

अलीकडे गडांवरील टांकीं साफ करण्याची मोठी हौस तरुण मंडळींत उत्पन्न झाली आहे. हेतु स्तुत्य, श्रम निःस्वार्थी, आणि पाणी पुन्हां पिण्याजोगें होतें हा लाभही खरा. परंतु एका गडावर अशा सफाईनंतर आठ दिवसांनीं आम्ही गेलों तेव्हां तळाचा सर्व गाळ कड्याखालीं टाकलेला, कांठावरील जुना चुना खरवडून काढलेला व भेगेंत सीमेंट भरलेलें असें दृश्य पाहिलें. गाळांतील खापऱ्या खालीं उतारावर विखुरल्या होत्या. कोणती खापरी कोणत्या थरांतली हें सांगण्याचा मार्ग कायमचा बंद झाला होता. टांक्यांतील गाळ हा वरवर चिखल असला तरी तो थरांनीं सांचलेला असतो. पाणी शेंदतांना निसटलेली घागर, पडलेलें नाणें, जळलेल्या छपराची राख हीं त्यांत क्रमानें बसलेलीं असतात. आपण जसे दप्तराचे रुमाल सोडतांना कागदांचा क्रम मोडूं देत नाहीं, तशीच वागणूक ह्या गाळासही मिळाली पाहिजे. पुरातत्त्व खात्याची अनुमति घेऊन, छायाचित्रें व मापें काढून, थराथरानें गाळ उपसला तर पाणीही मिळेल व पुरावाही राहील.

दुसरें नुकसान कागदांचें. आणि ह्याबाबतींत दोष आम्हां संग्राहकांचाच अधिक आहे. सनदा, राजपत्रें, लढायांचीं वर्णनें ह्यांस आपण जपतों. रोजकीर्दी, हजिऱ्या, चुना-दगडाच्या खर्चाच्या याद्या ह्यांचे मात्र गठ्ठे न वाचतांच निरुपयोगी ठरवून टाकून दिले जातात. पाण्याचा इतिहास ह्या दुसऱ्या वर्गांतच दडलेला असतो. पाथरवटांची मजुरी, टांकें उपसण्यास लागलेलीं माणसें, पखालीची दुरुस्ती, बैलांचा चारा, घाणींत मळलेल्या चुन्याचें माप, अशी एखादी ओळ एखाद्या मोडी फर्दावर असली तर ती नुसत्या दगडास तारीख देऊन जाईल. खडकावर माप आहे पण तारीख नाहीं. कागदावर तारीख आहे पण माप नाहीं. हीं दोन एकत्र आणणें एवढेंच काय तें राहिलें आहे, आणि तें एकट्यादुकट्याचें काम नव्हे.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति अशी. ज्यांस गडावर जाण्याची सवड आहे त्यांनीं प्रत्येक टांक्याची लांबी, रुंदी, खोली व तोंडाचें माप घ्यावें. पन्हळी कोणत्या उतारावरून येतात हें दाखवून त्या उताराचें क्षेत्र मोजावें. टांकें उघडें कीं झांकलेलें, खांब किती, चुना आहे कीं नाहीं हें नमूद करावें. शक्य असल्यास कार्तिकांत एकदां व वैशाखांत एकदां पाण्याची पातळी कांठापासून मोजावी. झऱ्याची परीक्षा हीच. पाणी काढलें जात नसतां पातळी दिवसास चार सहा मिलिमीटरच्या आसपास उतरत असेल तर तें केवळ उडत आहे; त्याहून पुष्कळ जास्त उतरत असेल तर टांकें गळतें; आणि मुळींच उतरत नसेल, किंवा उपसूनही पुन्हां त्याच पातळीवर येत असेल, तरच झरा आहे असें लिहावें. ज्यांच्या संग्रहांत किल्ल्यांच्या खर्चाचे कागद आहेत त्यांनीं पाण्याच्या खर्चाची ओळ दिसतांच ती तारखेसह व गडाच्या नांवासह उतरून घ्यावी, मग ती कितीही क्षुद्र वाटो.

शिलालेखांतील दात्यांनीं आपलें नांव कोरतांना टांक्याची खोली लिहिली नाहीं. ती त्यांच्या समकालीनांस दोर सोडतांच कळत होती. आपल्यालाही ती कळूं शकते. येत्या वैशाखांत, टांक्याचा तळ उघडा पडेल तेव्हां, दोर घेऊन जावें आणि मोजून यावें. वाटाड्याचें म्हणणें त्यानंतर लिहावें.